सात अंतिम सामने : टेनिसचे हंगामअखेरचे अजिंक्यपद आणि भारतीय दुहेरी

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये वर्षभराच्या स्पर्धा आटोपल्यावर, त्या वर्षी सर्वाधिक गुण मिळवलेल्या मोजक्या खेळाडूंनाच प्रवेश देणारी एक अखेरची स्पर्धा १९७० पासून भरवली जाते. मास्टर्स, एटीपी अजिंक्यपद, मास्टर्स कप, वर्ल्ड टूर फायनल्स आणि आताचे एटीपी फायनल्स अशी तिची नावे बदलत गेली. तिचे यजमान शहरही टोकियोपासून तुरीनपर्यंत सतत हलत राहिले. एकेरीच्या विजेत्यांच्या यादीत आजवर एकाही भारतीयाचे नाव लागलेले नाही. दुहेरीत मात्र १९९७ ते २०१५ या अठरा वर्षांत भारतीय खेळाडूंनी सात वेळा अंतिम सामना गाठला आणि सातही वेळा त्यांना उपविजेतेपदावर थांबावे लागले. या सातांपैकी तिसरा अंतिम सामना, डिसेंबर २००० चा, भारताच्या भूमीवर, बंगळूरमध्ये झाला. हंगामअखेरचे दुहेरीचे अजिंक्यपद भारतात कसे आले, घरच्या प्रेक्षकांसमोर ते हातून का निसटले आणि त्यानंतर भारतीय टेनिसची वाट कोणत्या दिशेने गेली, हे समजून घेण्यासाठी त्या सामन्याआधीची तीन दशके आणि नंतरची अडीच दशके एकत्र पाहावी लागतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी वाचकासाठी हा इतिहास परका नाही. पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी असा बंगळूरला जाणारा महामार्ग भारतीय टेनिसच्या दोन महत्त्वाच्या केंद्रांना जोडतो आणि सीमाभाग त्या मार्गावरच वसलेला आहे. पश्चिमेला घाट उतरला की लागणारा गोवा ही लिअँडर पेस यांच्या वडिलांची जन्मभूमी, तर उत्तरेला कृष्णाकाठची सांगली ही नंदू नाटेकर यांची. पुढे सांगितलेल्या घटनांमधील बरीच माणसे याच परिसरातून किंवा त्याच्या शेजारच्या प्रदेशांतून आलेली आहेत.

स्पर्धेचा पाया

१९६८ पर्यंत टेनिसमध्ये हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंच्या दोन वेगळ्या दुनिया होत्या. विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश मिळे आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना त्या बंद असत. १९६८ मध्ये हा भेद संपून खुले युग सुरू झाले, तेव्हा सुट्या विखुरलेल्या स्पर्धांना एका धाग्यात ओवण्याची गरज निर्माण झाली. अमेरिकेचे माजी विजेते आणि संयोजक जॅक क्रेमर यांनी त्यासाठी ग्रां प्री मालिकेची कल्पना मांडली. वर्षभरातील निवडक स्पर्धांत मिळालेल्या गुणांची बेरीज करायची आणि अखेरीस सर्वांत वरच्या खेळाडूंना एकाच ठिकाणी आणून त्यांच्यात निर्णायक स्पर्धा खेळवायची, अशी ती योजना होती.

डिसेंबर १९७० मध्ये टोकियोत झालेल्या पहिल्या मास्टर्समध्ये सहा खेळाडू होते आणि प्रत्येकाने उरलेल्या पाचही जणांशी सामना खेळला. बाद पद्धतीत एका पराभवाने खेळाडू घरी जातो. या साखळी पद्धतीत मात्र पराभवानंतरही संधी उरते आणि सलग काही दिवस सर्वोत्तम प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध टिकून राहावे लागते. स्टॅन स्मिथ आणि रॉड लेव्हर या दोघांचे विजय समान झाले, तेव्हा परस्परांतील सामना जिंकलेल्या स्मिथ यांना विजेते ठरवण्यात आले. त्याच वेळी दुहेरीचीही स्पर्धा झाली आणि स्मिथ व आर्थर अॅश यांची जोडी तिची पहिली विजेती ठरली.

पुढच्या वर्षांत ही स्पर्धा पॅरिस, बार्सिलोना, बोस्टन, मेलबर्न, स्टॉकहोम, ह्यूस्टन अशी फिरत राहिली आणि १९७७ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्थिरावली. न्यूयॉर्कच्या काळात दुहेरीला जे वैभव लाभले, त्याची सर मागाहून क्वचितच आली. जॉन मॅकेन्रो आणि पीटर फ्लेमिंग यांनी १९७८ ते १९८४ अशी सलग सात वर्षे हे अजिंक्यपद स्वतःकडे ठेवले. मॅकेन्रो त्याच काळात एकेरीतही जगातील अव्वल खेळाडू होते, त्यामुळे एकेरी पाहायला येणारा प्रेक्षक दुहेरीलाही तितक्याच उत्सुकतेने बसत असे.

दुहेरीची फारकत

ही परिस्थिती १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बदलली. एकेरीतील बक्षिसांच्या रकमा आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न वाढत गेले, तसे आघाडीचे एकेरी खेळाडू शरीराची झीज टाळण्यासाठी दुहेरीपासून दूर होऊ लागले आणि दुहेरीतच तज्ज्ञ असलेल्या खेळाडूंचा वेगळा वर्ग तयार झाला. १९८६ मध्ये हंगामअखेरची दुहेरी स्पर्धा न्यूयॉर्कमधून काढून लंडनला नेण्यात आली आणि दोन्ही अजिंक्यपदांची फारकत झाली. असोसिएशन ऑफ टेनिस प्रोफेशनल्स, म्हणजे एटीपी, ही १९७२ मध्ये स्थापन झालेली खेळाडूंची संघटना होती. तिने १९९० पासून संपूर्ण व्यावसायिक मालिकेचा कारभार हाती घेतला. एकेरीची अखेरची स्पर्धा तिने जर्मनीत, आधी फ्रँकफर्ट आणि मग हॅनोव्हर येथे नेली. दुहेरीची स्पर्धा मात्र ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट, जोहान्सबर्ग, जकार्ता, आइंडहोवन अशी फिरत राहून १९९६ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे पोहोचली.

या भटकंतीचे दोन परिणाम झाले. एकेरीच्या प्रखर प्रकाशापासून दूर गेल्यामुळे दुहेरीचे अजिंक्यपद जगाच्या नजरेत दुय्यम ठरू लागले, हा पहिला. दुसरा परिणाम भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा होता : एकेरीचे अजिंक्यपद भरवणे जिथे कल्पनेपलीकडचे होते, अशा शहरांनाही दुहेरीचे यजमानपद मिळण्याची शक्यता निर्माण झाली. ज्या देशात दुहेरीचे तारे एकेरीच्या ताऱ्यांइतकेच लोकप्रिय असतील, तिथे ही स्पर्धा प्रेक्षक खेचू शकत होती, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस असा देश भारत होता.

भारतीय दुहेरीची परंपरा

भारतीयांचे दुहेरीतील प्रावीण्य अचानक उगवलेले नव्हते. छावण्या आणि जिमखान्यांमधून रुजलेले भारतीय टेनिस दीर्घकाळ हिरवळीच्या मैदानांवर खेळले गेले. हिरवळीवर चेंडू कमी उसळतो आणि वेगाने सरकतो; त्यामुळे सर्व्हिस करून जाळ्याकडे धाव घेणे, टप्पा पडण्यापूर्वीच चेंडू परतवणे आणि मनगटाच्या हलक्या वळणाने दिशा बदलणे या गुणांना तिथे महत्त्व येते, आणि दुहेरीला नेमके हेच गुण लागतात. रामनाथन कृष्णन यांनी १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीची उपांत्य फेरी गाठली. डेव्हिस कप या देशादेशांमधील सांघिक स्पर्धेच्या १९६६ च्या अंतिम लढतीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताला मिळालेला एकमेव विजय दुहेरीतला होता आणि तो कृष्णन व जयदीप मुखर्जी यांनी जॉन न्यूकम व टोनी रोश यांच्यावर मिळवला होता. पुढे विजय आणि आनंद अमृतराज या बंधूंनी १९७६ मध्ये विम्बल्डनच्या दुहेरीची उपांत्य फेरी गाठली.

१९७४ ची डेव्हिस कप मोहीमही इथे लक्षात घ्यावी लागते. भारत अंतिम फेरीत पोहोचला होता आणि समोर दक्षिण आफ्रिका होती. त्या देशातील वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारताने सामना खेळण्यास नकार दिला आणि करंडकावर पाणी सोडले. खेळातील सर्वोच्च सांघिक मान मिळण्याची शक्यता समोर असताना तत्त्वासाठी ती सोडण्याचा हा निर्णय भारतीय क्रीडा इतिहासात आदराने नोंदवला गेला आहे.

महाराष्ट्राचाही या परंपरेत वाटा होता. सांगलीचे नंदू नाटेकर तरुणपणी टेनिस खेळत आणि कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी टेनिसची वाट धरली. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडा स्पर्धेत दुहेरीचे सुवर्णपदक मिळवताना लिअँडर पेस यांच्या साथीला हेच गौरव नाटेकर होते. त्याआधी १९९२ मध्ये विम्बल्डनच्या कुमार गटात दुहेरीचा अंतिम सामना खेळलेल्या महेश भूपती यांचे जोडीदार महाराष्ट्राचे नितीन कीर्तने होते. पुढे जगाने ज्यांना एकत्रच ओळखले, त्या दोघांच्या घडणीच्या वर्षांत दोघांनाही मराठी जोडीदार लाभले होते.

पेस आणि भूपती

लिअँडर पेस यांचा जन्म १९७३ मध्ये कोलकात्याचा. वडील वेस पेस मूळचे गोव्याचे आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या भारतीय हॉकी संघाचे सदस्य. आई जेनिफर बास्केटबॉलमधील भारतीय खेळाडू. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पेस यांनी एकेरीत कांस्यपदक जिंकले. महेश भूपती त्यांच्याहून एका वर्षाने लहान, चेन्नईत जन्मलेले. त्यांचे वडील कृष्णा भूपती यांनी प्रशिक्षक म्हणून बंगळूर ही आपली कर्मभूमी केली आणि महेश यांचीही ओळख बंगळूरचे खेळाडू अशीच झाली. पॅरिसमध्ये १९९७ साली जपानच्या रिका हिराकी यांच्या साथीने मिश्र दुहेरी जिंकून भूपती ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना ग्रँड स्लॅम म्हणतात.

या दोघांची जोडी १९९७ मध्ये खऱ्या अर्थाने बहरली. पेस यांची जाळ्याजवळची विलक्षण चपळाई आणि भूपती यांची भेदक सर्व्हिस व परतीचे भक्कम फटके एकमेकांना पूरक ठरले. त्या एका वर्षात त्यांनी सहा स्पर्धा जिंकल्या आणि हार्टफर्डमधील हंगामअखेरच्या स्पर्धेचा थेट अंतिम सामना गाठला. तिथे अमेरिकेच्या रिक लीच आणि जोनाथन स्टार्क यांनी त्यांना ६-३, ६-४, ७-६ असे हरवले. पहिल्याच खेपेला मिळालेले उपविजेतेपद हे तेव्हा अपयशापेक्षा आगमनाची खूण मानले गेले. १९९८ मध्ये त्यांनी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धांत उपांत्य फेरी गाठली.

१९९९ हे वर्ष भारतीय टेनिसच्या इतिहासात अद्वितीय ठरले. पेस आणि भूपती चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम सामन्यात पोहोचले. मेलबर्नला योनास ब्योर्कमन आणि पॅट रॅफ्टर यांच्याकडून पाच सेटच्या झुंजीत ते हरले. फ्रेंच आणि विम्बल्डन ही दोन्ही विजेतेपदे त्यांनी लागोपाठ जिंकली. अमेरिकन स्पर्धेत मात्र कॅनडाचे सेबास्तियन लारो आणि अमेरिकेचे अॅलेक्स ओब्रायन यांनी त्यांना रोखले. जागतिक क्रमवारीत दुहेरीचे अव्वल स्थान त्या वर्षी आधी भूपती आणि नंतर पेस यांनी मिळवले. हार्टफर्डच्या हंगामअखेरच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा लारो आणि ओब्रायनच आले आणि ६-३, ६-२, ६-२ अशा एकतर्फी निकालाने भारतीय जोडी दुसऱ्यांदा उपविजेती ठरली.

हंगामअखेरच्या स्पर्धेचे वेगळेपण या पराभवातून दिसते. ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या फेऱ्यांत तुलनेने दुबळे प्रतिस्पर्धी मिळू शकतात आणि जोडीला लय सापडायला अवधी मिळतो. हंगामअखेरीस पहिल्या दिवसापासून समोर जगातील सर्वोत्तम जोड्याच असतात, त्यांनी वर्षभर एकमेकांचा खेळ बारकाईने पाहिलेला असतो आणि अकरा महिन्यांचा थकवा सर्वांच्या अंगात असतो. अशा वेळी दोन खेळाडूंमधील समज आणि परस्परविश्वास किती ताजा आहे, यावर निकाल अवलंबून राहतो. नेमक्या याच ठिकाणी पेस आणि भूपती यांच्या जोडीला तडा जाऊ लागला होता.

बंगळूर, डिसेंबर २०००

यशाच्या शिखरावर असतानाच दोघांत दुरावा आला. २००० च्या हंगामात बहुतेक काळ ते वेगळ्या जोडीदारांसोबत खेळले आणि भूपती यांना खांद्याच्या दुखापतीनेही सतावले. सिडनी ऑलिंपिकच्या निमित्ताने ते पुन्हा एकत्र आले. उद्घाटन सोहळ्यात पेस भारताचे ध्वजवाहक होते आणि दुहेरीत पदकाची मोठी आशा होती. परंतु दुसऱ्याच फेरीत ऑस्ट्रेलियाच्या टॉड वूडब्रिज आणि मार्क वूडफर्ड यांनी त्यांना हरवले. त्यानंतर टोकियोतील जपान ओपन जिंकून या जोडीने आपली धार शिल्लक असल्याचे दाखवले.

अशा वळणावर एटीपीची जागतिक दुहेरी स्पर्धा बंगळूरला आली. त्या वर्षी एकेरीचे अजिंक्यपद, आता मास्टर्स कप या नव्या नावाने, लिस्बनमध्ये झाले आणि ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेन यांनी ते जिंकले. दुहेरीच्या सर्वोत्तम जोड्या मात्र कब्बन पार्कमधील कर्नाटक राज्य लॉन टेनिस संघटनेच्या स्टेडियमवर हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटच्या पायावर रासायनिक थर दिलेल्या मैदानावर, खेळल्या. तोवर चेन्नईत एटीपीची नियमित स्पर्धा भरत असे. परंतु हंगामाचा शेवट करणारे, निवडक जोड्यांचे अजिंक्यपद भारतात पहिल्यांदाच येत होते. माहिती तंत्रज्ञानाच्या भरभराटीमुळे बंगळूर तेव्हा जागतिक शहर म्हणून पुढे येत होते, आणि आदल्याच वर्षी चारही ग्रँड स्लॅमचे अंतिम सामने खेळलेली जोडी, त्यातला एक खेळाडू याच शहराचा, असा योग या स्पर्धेला लाभला होता.

घरच्या प्रेक्षकांच्या साक्षीने पेस आणि भूपती अंतिम सामन्यात पोहोचले. समोर अमेरिकेचे डोनाल्ड जॉन्सन आणि दक्षिण आफ्रिकेचे पीट नॉर्व्हल होते. नॉर्व्हल यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये वेन फरेरा यांच्यासह दुहेरीचे रौप्यपदक मिळवले होते. दक्षिण आफ्रिकेशी खेळायचे नाही म्हणून भारताने करंडक सोडला, त्याला सव्वीस वर्षे झाली होती; दरम्यान वर्णद्वेषी राजवट संपली होती, दक्षिण आफ्रिका क्रीडाविश्वात परतली होती आणि आता तिचा खेळाडू भारतात, भारतीय जोडीविरुद्ध, बरोबरीच्या नात्याने अजिंक्यपदासाठी उभा होता. १९७४ चा नकार ज्या बदलासाठी होता, तो बदल घडल्याचे या सामन्याने आपोआप दाखवून दिले.

अंतिम सामना पाच सेटचा होता, म्हणजे तीन सेट जिंकणारी जोडी विजयी ठरणार होती. पहिल्या सेटमध्ये दोन्ही जोड्या सहा-सहा गेमवर आल्या आणि टायब्रेकर खेळवावा लागला. टायब्रेकरमध्ये गेम न मोजता एकेक गुण मोजतात आणि किमान सात गुण व दोन गुणांची आघाडी मिळवणारी जोडी सेट जिंकते. हा टायब्रेकर लांबत गेला आणि जॉन्सन-नॉर्व्हल यांनी तो १०-८ असा घेतला. दोन-तीन गुण उलट पडले असते तर सेट भारतीय जोडीकडे आला असता, इतका तो चुरशीचा होता. त्यानंतर मात्र सामना एका बाजूला झुकला. पुढचे दोन सेट ६-३, ६-४ असे गेले आणि ७-६, ६-३, ६-४ या निकालाने पेस आणि भूपती तिसऱ्यांदा उपविजेते ठरले.

या पराभवाचे कारण केवळ त्या दिवसाच्या खेळात शोधणे अपुरे ठरते. दोघांचे व्यक्तिगत कौशल्य जगात कोणाहून कमी नव्हते. परंतु दुहेरीत कोर्टाच्या मध्यावर आलेला चेंडू कोणी घ्यायचा, जोडीदाराची सर्व्हिस कमी वेगाने पडली तर किती मागे सरकायचे, प्रतिस्पर्ध्याने उंच चेंडू टाकल्यास जागा कशा बदलायच्या, असे शेकडो निर्णय न बोलता घ्यावे लागतात आणि त्यासाठी सलग सहवास लागतो. वर्षाचा मोठा भाग वेगळे खेळलेल्या जोडीने अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, हेच तिच्या गुणवत्तेचे प्रमाण होते. अटीतटीचा पहिला सेट गमावल्यावर सामना पुन्हा आपल्याकडे वळवण्यासाठी लागणारी एकरूपता मात्र त्या तुटक हंगामात साठलेली नव्हती.

नंतरची वाटचाल

पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, पेस आणि भूपती यांनी फ्रेंच स्पर्धा पुन्हा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी चेक प्रजासत्ताकाच्या पेत्र पाला आणि पावेल विझनर यांना हरवले. २००१ च्या हंगामाचे दुहेरीचे अजिंक्यपदही बंगळूरकडेच राहिले. त्याच्या अंतिम सामन्यात पाला आणि विझनर पोहोचले, पण विजेतेपद दक्षिण आफ्रिकेचे एलिस फरेरा आणि अमेरिकेचे रिक लीच यांनी मिळवले. १९९७ मध्ये हार्टफर्डला भारतीय जोडीला रोखणारे हेच लीच होते. २००२ च्या हंगामात दुहेरीचे वेगळे अजिंक्यपद झालेच नाही आणि २००३ पासून ते ह्यूस्टनमध्ये पुन्हा एकेरीच्या स्पर्धेला जोडण्यात आले. सतरा वर्षांची फारकत संपली, दुहेरीला मोठा प्रेक्षकवर्ग परत मिळाला. त्याचबरोबर बंगळूरसारख्या शहराला हे अजिंक्यपद मिळण्याची वाटही बंद झाली.

दुहेरीचे स्वरूपही बदलले. सामने आटोपशीर व्हावेत म्हणून २००६ पासून एटीपीच्या नियमित स्पर्धांत दोन सेटनंतर बरोबरी झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा दीर्घ टायब्रेकर आला आणि चाळीस-चाळीस गुणांवर एकाच गुणाने गेमचा निकाल लावण्याची पद्धत रूढ झाली. यामुळे सरस जोडीला चुका भरून काढायला पूर्वीइतका अवकाश राहिला नाही आणि काही गुणांच्या फरकाने मोठी विजेतेपदे ठरू लागली.

भारतीय खेळाडू मात्र या स्पर्धेत टिकून राहिले. २००५ मध्ये शांघायला पेस यांनी सर्बियाचे नेनाद झिमोनिच यांच्यासह अंतिम सामना खेळला. पहिला सेट जिंकूनही तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये फ्रान्सच्या मिशेल लोद्रा आणि फाब्रिस सांतोरो यांनी त्यांना हरवले. २०१० मध्ये लंडनला भूपती बेलारूसच्या मॅक्स मिर्नी यांच्यासोबत अंतिम सामन्यात होते. तिथे डॅनियल नेस्टर आणि झिमोनिच विजयी झाले. पेस यांचे जुने जोडीदार झिमोनिच आता भूपती यांच्या वाटेत उभे राहिले, यावरून दुहेरीच्या जगात जोड्या किती झपाट्याने बदलतात हे लक्षात येते.

याच काळात तिसरे नाव पुढे आले. कोडगूच्या मातीत वाढलेले रोहन बोपण्णा यांनी पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे प्रशिक्षण घेतले होते. २०१२ मध्ये भूपती-बोपण्णा जोडीने पॅरिस मास्टर्स स्पर्धा जिंकली आणि त्या बळावर लंडनमधील हंगामअखेरच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात पेस व चेक प्रजासत्ताकाचे रादेक स्टेपानेक यांना दीर्घ टायब्रेकरमध्ये मागे टाकले. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकसाठी जोड्या ठरवताना या तिघांमधील मतभेद जाहीर झाले होते, त्यामुळे त्या लढतीला कटू पार्श्वभूमी होती. अंतिम सामन्यात स्पेनच्या मार्सेल ग्रानोयेर्स आणि मार्क लोपेझ यांनी ७-५, ३-६, १०-३ असा विजय मिळवला. २०१५ मध्ये बोपण्णा रुमानियाच्या फ्लोरिन मर्जिया यांच्यासह पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले आणि जाँ-ज्युलियन रॉयर व होरिया टेकाऊ यांच्याकडून ६-४, ६-३ असे हरले. भारतीयांचा हा सातवा आणि आजवरचा शेवटचा अंतिम सामना.

बोपण्णा यांची वाटचाल तिथे थांबली नाही. २०२३ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियाचे मॅथ्यू एब्डन यांच्यासह त्यांनी तुरीनमध्ये उपांत्य फेरी गाठली. पुढच्या जानेवारीत याच जोडीने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली आणि बोपण्णा दुहेरीच्या क्रमवारीत अव्वल स्थान मिळवणारे सर्वांत ज्येष्ठ खेळाडू ठरले. एब्डन यांचा भारताशी त्याआधीही संबंध आला होता : फेब्रुवारी २०२० मध्ये पेस यांनी कब्बन पार्कच्या त्याच स्टेडियमवर बंगळूर ओपनचा अंतिम सामना खेळला, तेव्हा त्यांचे जोडीदार एब्डनच होते. भारतीय वंशाचे अमेरिकी खेळाडू राजीव राम यांनी ब्रिटनचे जो सॅलिसबरी यांच्यासह २०२२ आणि २०२३ मध्ये हे अजिंक्यपद जिंकले, परंतु राम यांचा त्यातील वाटा अमेरिकेच्या नावावर नोंदला गेला.

परिणामांचा लेखाजोखा

सात अंतिम सामन्यांत भारतीयांनी पाच वेगवेगळ्या जोड्यांतून भाग घेतला. पहिले तीन सामने पेस आणि भूपती एकत्र खेळले. उरलेल्या चार सामन्यांत प्रत्येक वेळी जोडी नवी होती. याउलट मॅकेन्रो-फ्लेमिंग यांनी सात आणि अमेरिकेच्या बॉब व माइक ब्रायन या बंधूंनी चार वेळा हे विजेतेपद मिळवले, ते दीर्घ सहवासाच्या बळावर. सर्वच विजेत्या जोड्या जुन्या नव्हत्या, हेही खरे. परंतु त्यांनी किमान तो हंगाम एकत्र घडवलेला होता. भारताने जागतिक दर्जाचे दुहेरी खेळाडू निर्माण केले, जोडी टिकवणारी व्यवस्था मात्र निर्माण केली नाही. खेळाडूंमधील मतभेद वेळीच मिटवणारे प्रशिक्षक, संघटनेचा तटस्थ आधार आणि जोडीला एक घटक मानून केलेले नियोजन यांची उणीव २००० मध्ये दिसली, २०१२ मध्ये पुन्हा दिसली.

दुसरा परिणाम एकेरीशी संबंधित आहे. पेस आणि भूपती यांच्या यशाने एका पिढीला दुहेरीत सन्मानाने कारकीर्द करता येते हा विश्वास दिला; त्याच वेळी एकेरीत जगातील पहिल्या आठांत पोहोचण्यासाठी लागणारी प्रशिक्षण व्यवस्था, देशांतर्गत स्पर्धांची साखळी आणि परदेश प्रवासाचा खर्च उचलणारी यंत्रणा उभी राहिली नाही. दुहेरीतील पदकांच्या प्रकाशात ही पोकळी बराच काळ लपून राहिली.

तरीही बंगळूरच्या त्या स्पर्धेचे श्रेय मोठे आहे. आंतरराष्ट्रीय दर्जाचे आयोजन आपल्याला जमते, हा अनुभव तिने संघटकांना दिला. पुढे याच स्टेडियमवर महिलांची बंगळूर ओपन झाली आणि नंतर पुरुषांची चॅलेंजर, म्हणजे एटीपीच्या मुख्य मालिकेखालच्या पायरीची, स्पर्धा रुजली. महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, पुण्यातील बालेवाडीत, २०१८ पासून महाराष्ट्र ओपन ही एटीपी स्पर्धा काही वर्षे भरली आणि तिथे बोपण्णा यांनी २०१९ मध्ये दिविज शरण यांच्यासह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथन यांच्यासह दुहेरीचे विजेतेपद मिळवले.

या दोन केंद्रांच्या मधोमध असलेल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यासाठी या इतिहासात एक स्पष्ट दिशा आहे. नाटेकर, कीर्तने, बाळ आणि बोपण्णा यांची उदाहरणे सांगतात की टेनिसमधील गुणवत्ता महानगरांतच जन्मते असे नाही आणि ती भाषेची किंवा प्रांताची सीमाही मानत नाही. कोडगूचा मुलगा पुण्यात घडतो, गोव्याच्या कुटुंबातील मुलगा कोलकात्यात वाढून हिरोशिमात महाराष्ट्राच्या साथीदारासोबत सुवर्ण जिंकतो. सीमाभागातील शाळा, महाविद्यालये आणि जिमखान्यांनी कोर्ट, प्रशिक्षक आणि नियमित स्पर्धा एवढे उपलब्ध करून दिले, तर इथल्या मुलांना पुणे आणि बंगळूर ही दोन्ही केंद्रे एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहेत. सात उपविजेतेपदांनी भारतीय खेळाडूंची योग्यता केव्हाच सिद्ध केली आहे. आठव्या वेळी निकाल बदलायचा असेल, तर दोन गुणी खेळाडू शोधण्याबरोबरच त्यांना वर्षानुवर्षे एकत्र ठेवणारी व्यवस्था उभारावी लागेल, आणि त्या कामाची सुरुवात जिल्ह्याच्या पातळीवरच होऊ शकते.